खालच्यांचा वाटा

कामिनी दर पंधरा दिवसांनी गुरुवारी वरटोल्याला कापड घेऊन जायची. पहाटे नागपूरजवळचं बेसा सोडायचं, गांधीबागेच्या कापडबाजारात आदल्या दिवशी बांधून ठेवलेला गठ्ठा उचलायचा, कुहीकडची बस धरायची आणि बस संपते तिथून धरणाच्या काठापर्यंत पायी जायचं. काठावर ताराचंद डोंगा घेऊन उभा असायचा. पाऊण तास पाण्यातून गेलं की वरटोला यायचा.

पूर्वी ते बेट नव्हतं. एक गाव होतं, त्याच्या दोन वस्त्या होत्या. टेकडीवर वरटोला आणि उतारावर खालटोला. धरणात पाणी अडवलं तेव्हा खालटोला बुडाला आणि वरटोल्याच्या चारही बाजूंनी पाणी आलं. सरकारने सगळ्यांना दुसरीकडे जागा दिली होती. पण एकोणीस घरं परत येऊन राहिली. कागदावर तिथे कोणी राहत नव्हतं, म्हणून वीज नव्हती, शाळा नव्हती, रेशनचं दुकानही नव्हतं.

तरीही माणसं खाऊनपिऊन सुखी होती. जाळी सगळ्यांची मिळून होती. सकाळी जाळी ओढली की मासळी मोठ्या सपाट खडकावर ओतायची आणि अंजनाबाईने वाटे पाडायचे. उन्हाळ्यात झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, वाळवायचे, पाणी उतरलं की गाळात टरबुजं लावायची, दिवाळीच्या सुमाराला शिंगाडे काढायचे. बाहेरून तीनच माणसं यायची. एक बर्फाची पेटी घेऊन मासळी न्यायला, एक तेल-मीठ-चहापत्ती द्यायला, आणि तिसरी कामिनी. नोटा तिथे कोणी वापरत नव्हतं. लुगड्याला किती पायल्या झिंगे, चादरीला किती, हे अंजनाबाई ठरवायची आणि ते कधी चुकत नसे. सत्तरी ओलांडलेली, काटक, एका डोळ्याने अधू असलेली ही बाई म्हणजेच वरटोल्याचा बाजार होती.

हा फेरा मुळात कामिनीचा नव्हता. तिचा नवरा आनंदराव कापड घेऊन या गावांना जायचा. पाच वर्षांपूर्वी श्रावणात वारा सुटला आणि याच धरणात, त्याला घेऊन जाणारा काठावरच्या एका गावाचा डोंगा उलटला. दोघे पोहत निघाले. आनंदराव सापडला नाही. आठ दिवस शोधलं, मग सगळ्यांनी शोधणं सोडलं. घरात त्याने आणून ठेवलेले तीन गठ्ठे पडून होते आणि मुलगी मेघा तेव्हा चौदा वर्षांची होती. तीन महिन्यांनी कामिनीने त्यातला एक गठ्ठा डोक्यावर घेतला आणि त्याच काठावर जाऊन उभी राहिली. पहिल्यांदा डोंग्यात बसली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते.

वरटोल्याची एक रीत तिला पहिल्याच वर्षी कळली. खालटोल्याकडे जाणारा जुना फरशीचा रस्ता टेकडीवरून उतरत थेट पाण्यात शिरतो. बेटावर जे काही यायचं, त्यातला एक वाटा त्या रस्त्यावर, पाण्याच्या काठाशी ठेवायचा. मीठ, तेल, मासळी, कापड, सगळंच. ठेवायचं आणि मागे न बघता परत यायचं. “खालच्यायचा वाटा,” लोक म्हणायचे. कामिनी बौद्ध घरातली. तिचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दुसऱ्याच्या गावात जाऊन काय बोलायचं, म्हणून ती गप्प राहायची.

तिला आणखी एक गोष्ट जाणवायची. सगळा व्यवहार झाल्यावर अंजनाबाई एक पायली झिंगे तिच्या पिशवीत वरून ओतायची.

“हे तुह्या घरचं,” एवढंच म्हणायची.

विधवा बाई म्हणून दया करत असतील, असं कामिनीला वाटायचं. त्या पायलीवरच मेघाची फी निघायची. आणि दर वर्षी दिवाळीच्या आधी वरटोल्यातून एक मागणी ठरलेली असायची. पुरुषाचा शर्ट, बेचाळीस नंबर, पूर्ण बाह्यांचा, फिकट रंगाचा. एकोणीस घरांत बेचाळीस नंबर ज्याला बसेल असा माणूस नव्हता, सगळे बारीक अंगाचे. हे तिच्या लक्षात आलं होतं, पण तिने कधी विचारलं नाही.

यंदा मे महिन्यात पाणी खूप खाली गेलं. कामिनी पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. बायका झिंगे वाळत घालायला पलीकडच्या खडकावर गेल्या होत्या. अंजनाबाईच्या अंगणात गठ्ठा ठेवून ती सावलीला मागच्या बाजूला गेली. तिथे तारेवर एक शर्ट वाळत होता.

आकाशी चौकड्यांचा. तो तिनेच गेल्या दिवाळीत आणला होता. सहा महिन्यांत कापड इतकं विरलं होतं की कोपरांतून पलीकडचं दिसत होतं. शर्टाला गाळाचा वास येत होता. तिने सहज कॉलरला हात लावला आणि तिचा हात तिथेच राहिला.

कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा शिवली होती. वरून दुसरं बटन तुटलं असावं, ते परत लावलं होतं. दोऱ्यासाठी शर्टाच्याच खालच्या दुमडीतून धागा ओढून घेतला होता. आणि टाके उजवीकडून डावीकडे तिरपे गेले होते, डावऱ्या माणसाचे जातात तसे.

आनंदराव आधी गांधीबागेत एका शिंप्याकडे कामाला होता. डाव्या हाताने शिवायचा. दोरा विकत आणायचा नाही, कपड्याच्याच दुमडीतून ओढायचा. त्याच्या हातचे टाके कामिनीला त्याच्या अक्षरासारखे ओळखता यायचे. तिने शर्ट तारेवरून काढला आणि तो हातात घेऊन ती अंगणात येऊन बसली.

अंजनाबाई आली. तिने कामिनीच्या मांडीवर शर्ट पाहिला. डोक्यावरची टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि समोर बसली.

“हे कोणं शिवलं, मावशी?”

“तुले माहीत आहे कोणं शिवलं.”

“तो इथं आहे? जिवंत आहे?”

“नाही वं पोरी. जिवंत असता तर तुह्या घरी नसता आला?”

अंजनाबाई हळूहळू सांगू लागली. आवाज नेहमीसारखाच, लुगड्याचा भाव सांगताना असायचा तसा.

“पाणी आलं तवा खालच्या टोल्यातले तीन म्हातारे उठलेच नाही. घरातच बसून राह्यले. आमी वर आलो. पह्यल्या वर्षी जाळ्यात काहीच लागे ना. लेकरं उपाशी. मंग माह्या सासूनं आपल्या ताटातली भाकर त्या रस्त्यावर नेऊन ठेवली, त्या तिघांच्या नावानं. दुसऱ्या दिवशी जाळं ओढवे ना, इतकी मासळी. तवापासून त्यायचा वाटा. पाण्यात गेलेला माणूस बसून नाही राहत. ते मासळी हाकलतात आमच्याकडे. आन आमचा कायदा एकच आहे, जो राबला त्याले वाटा. या पाण्यात जो गेला तो आमचा झाला. तुहा मालकही.”

“आन ती पायली?”

“त्याच्या कष्टाची. त्याले झिंगे काय करायचे? त्याले शर्ट पुरते. विरला का दगडावर काढून ठेवते, मी धुऊन वाळवते. बाकी तुह्या घरचं.”

“पाच वर्षं तुमी मले सांगितलं काहून नाही?”

“सांगितलं असतं तर तू इथं आली असती का?” अंजनाबाई म्हणाली. “आन पोरगी शिकली असती का?”

कामिनीने गठ्ठ्यातून एक शर्ट काढला. मातकट रंगाचा, बेचाळीस नंबर, दिवाळीची वाट न बघता या खेपेला असाच बरोबर आणलेला. ती उठली.

“मी ठेवून येते.”

“ठेव आन मागं फीर,” अंजनाबाई म्हणाली. “थांबू नको तिथं.”

रस्ता तापला होता. फरशीच्या दगडांवर वाळलेला गाळ भेगाळून पापडासारखा उभा राहिला होता. उजव्या बाजूला एका घराचं जोतं उघडं पडलं होतं, त्याच्या चुलीत बारीक शिंपले भरलेले. पुढे विजेच्या खांबाचं टोक पाण्याबाहेर होतं. वारा अजिबात नव्हता. पाणी इतकं स्थिर होतं की रस्ता त्यात शिरतो की त्यातून बाहेर येतो, ते कळत नव्हतं.

तिने शेवटच्या कोरड्या दगडावर शर्ट उलगडून ठेवला आणि ती मागे फिरली नाही. चार हात अंतरावर उकिडवी बसली.

बराच वेळ काही झालं नाही. कानात उन्हाचा आवाज भरून राहिला. मग तिने पाहिलं की शर्टाची डावी बाही ओली होत होती. पाणी जिथे होतं तिथेच होतं. ओल मनगटापासून सुरू झाली आणि वर चढत खांद्यापर्यंत गेली. मागोमाग बाही फुगली. मग उजवी. आनंदराव नेहमी डावा हात आधी घालायचा. पाठ भरली, खांदे भरले. शर्ट दगडावरून उठला आणि उभा राहिला. कॉलरच्या वर काहीच नव्हतं, मागचं पाणी दिसत होतं.

“अहो,” कामिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. “अहो, मी आली.”

शर्ट तिच्याकडे वळला. पुढची बटनं उघडी होती. ती एकेक करून लागत गेली, खालून वर. त्याच्या डाव्या खांद्याकडे तिची नजर गेली. तो खांदा खाली पडला होता. दिवसभर गठ्ठा वाहून घरी आल्यावर तो दारात असाच उभा राहायचा, डावा खांदा पाडून, चप्पल काढायलाही वाकवत नसल्यासारखा. पण तेव्हा तो लगेच बसायचा आणि ती पाणी द्यायची. इथे बसायला काही नव्हतं.

तिला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, बसमध्ये. पण त्या वेळी तिच्या मनात एकच आलं, की हा माणूस थकला आहे.

“घरी चला,” ती म्हणाली.

शर्ट थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने पाठ फिरवली आणि तो रस्त्याने पाण्यात उतरला, आधी कंबर, मग पाठ, मग कॉलर. पाण्यावर एकही लाट उठली नाही. थोड्या वेळाने दूरवर जाळ्याचे तरंगते लाकडी ठोकळे हलायला लागले, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, कोणी काठी घेऊन गुरं हाकलावीत तसे.

कामिनी वर आली. कापडाचा व्यवहार उरकल्यावर अंजनाबाईने नेहमीची पायली वरून ओतली, तेव्हा तिने ती पिशवी अंजनाबाईच्याच समोर ठेवली.

“त्याची पायली काढून घ्या. आजपासून मले नाही पाह्यजे.”

“वाटा बंद म्हणजे काम बंद,” अंजनाबाई म्हणाली. “मंग तो आमचा नाही. त्याले इथं कोणी धरून ठेवणार नाही.”

“म्हणूनच म्हणून राहिली.”

“पोरीचं शिक्षण?”

“मी करते ना काम. मी जिवंत आहे.”

अंजनाबाईने तिच्याकडे एका डोळ्याने खूप वेळ पाहिलं. मग पायली घेतली, पिशवीतले झिंगे मोजून काढले आणि टोपलीत परत ओतले. ती रागावली नव्हती. कामिनी निघाली तेव्हा तिने फक्त एवढंच म्हटलं, “तुहं बरोबर आहे. आमचंही चुकलं नाही.”

नवव्या दिवशी, पाच वर्षांपूर्वीच्या बेपत्ताच्या नोंदीवरून, पोलिसांचा फोन आला. काठावर, जिथे कामिनी डोंग्यात बसायची त्याच्याजवळ, हाडं सापडली होती. कामिनी आणि मेघा गेल्या. जमादार चांगला माणूस होता. त्याने मेघाला बाजूला बसवलं आणि कामिनीला विचारलं, “ताई, हाडं चारपाच वर्षांची वाटतात. पण अंगावरचा शर्ट नवा आहे. कॉलरच्या आत कागदी लेबल पण तसंच आहे. तुम्हाला काही सांगता येते का?”

“माहीत नाही,” कामिनी म्हणाली.

त्याने पंचनाम्यात ‘शर्ट एक’ एवढंच लिहिलं. बेसाला भंतेजी आले, वंदना झाली, शेजारपाजारचे जमले. पाच वर्षांनी मेघा बापासाठी मोकळेपणाने रडली. त्या रात्रीपासून कामिनीलाही नीट झोप लागायला लागली.

पावसाळ्यात वरटोल्याचा फेरा बंद असायचा. पाणी निवळल्यावर आश्विनात ती परत गेली तेव्हा ताराचंद डोंगा हाकताना नेहमीसारखा बोलला नाही. अर्ध्या पाण्यात आल्यावर म्हणाला, “चार महिने झाले, जाळ्यात काही नाही.”

“काहीच नाही?”

“बोटाएवढी मासळीची पोरं लागतात. बर्फवाला दोनदा येऊन रिकामा गेला. आता येत नाही.” त्याने डोंगा पुढे हाकला. “तुमच्यावर राग नाही कोणाचा, ताई. आमचा एक माणूस कमी झाला, एवढंच. ते तीन म्हातारे आता थकले.”

वरटोल्यात चुली पेटलेल्या होत्या, पण वास नव्हता. बायकांनी तिला पाणी दिलं. एका घरात दोन पोरं शिजवलेल्या शिंगाड्याच्या साली चावत बसली होती. कुणीच कापड पाहायला पुढे आलं नाही. अंजनाबाईने तिला बोलावून घेतलं.

“एक लुगडं आण पुढच्या खेपेला. नऊवारी, हिरवं, बारीक काठाचं.”

“कोणासाठी?”

“माह्यासाठी.”

कामिनीला समजायला वेळ लागला नाही. तिने म्हातारीचा हात धरला.

“मावशी, माह्यासंगं चला. बेसाला दोन खोल्या आहे. मेघा आन मी दोघीच.”

“आन एकोणीस घरं? आपण आपल्या मनानं माणूस नाही देला तर पाणी आपल्या मनानं निवडते. ताराचंद रोज दोनदा पाण्यात असते. त्याची बायको पोटुशी आहे.” तिने हात सोडवून घेतला. “मी वाटे पाडू पाडू थकली. आता खालून पाहीन, बरोबर पाडतात का नाही.”

कामिनी गांधीबागेत गेली. हिरवं, बारीक काठाचं लुगडं तिला लगेच दिसलं. तिने ते हातात घेतलं आणि परत ठेवलं. लुगडं नेलं नाही तर म्हातारी थांबेल, असं तिने मनाशी ठरवलं. ठरलेला गुरुवार तिने जाऊ दिला आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी ती चादरी आणि मुलांचे कपडे घेऊन निघाली.

ताराचंद काठावर उभा होता. त्याच्या डोंग्यात दोन टोपल्या मरळ होती, जिवंत, उड्या मारणारी.

“रविवारी गेली,” तो म्हणाला. “दुपारी सगळ्यायले जेवू घातलं, आन रस्त्यानं उतरली. जुनं, थिगळाचं लुगडं होतं. तुमची वाट पाहिली तिनं दोन दिवस.”

कामिनी काठावरच खाली बसली. तिला वाटलं, निदान नवं लुगडं तरी नेसून गेली असती. ताराचंदने डोंग्यातून एक पिशवी काढली. एक पायली वाळलेले झिंगे.

“तिची लेक आहे काटोलले. दिपाली. संत्र्याच्या मंडीत छाटणीच्या कामावर आहे. तिले पोचवाचं. अंजनाबाई सांगून गेली, हे काम कामिनीनंच कराचं.”

काटोलच्या मंडीत दुपारी संत्र्यांचे ढीग पडले होते. दिपाली चाळिशीची, आईसारखीच काटक, डोक्याला रुमाल बांधून फळं निवडत होती. कामिनीने पिशवी दिली तेव्हा तिने उघडून वास घेतला आणि हसली.

“आईनं पाठवलं? तिकडं फोनच लागत नाही. कशी आहे ती?”

नागपूरहून काटोलपर्यंत कामिनीने खरं सांगायचं म्हणून शब्द जुळवले होते. मागच्या झाडाखाली दिपालीची दोन मुलं दप्तर उशाला घेऊन झोपली होती. त्यांचे शाळेचे गणवेश धुऊन धुऊन पांढरे पडले होते.

“काम करून राहिली,” कामिनी म्हणाली.

“या वयात?”

“एकटी नाही. बाकीचे आहे सोबतीले.” आणि मग तिला पुढचं बोलावंच लागलं. “दर महिन्याले तुमच्यासाठी हे पाठवत जाईल म्हणे. मी आणून देईन.”

दिपालीने डोळे पुसले. ढिगातली चांगली चांगली निवडून डझनभर संत्री एका थैलीत भरली. “तिले दे वं ताई. तिले संत्रं फार आवडते. दात नाही, पण चोखत बसते.”

पुढच्या खेपेला कामिनी जुन्या रस्त्याने खाली उतरली. पाणी आता बरंच वर आलं होतं. तिने हिरवं लुगडं घडी करून दगडावर ठेवलं, वर संत्री ठेवली, आणि या वेळी ती थांबली नाही. चढण चढताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. अर्ध्या वाटेवर पोचली तेव्हा वारा नसतानाही पाठीमागून संत्र्याच्या सालीचा वास आला.